वेताळाचे चित्र काढताना : प्रस्तावना

एखाद्या चित्रकथेवर जीव जडलेला वाचक तिचे शेवटचे पान उलटल्यावर कोरा कागद पुढे ओढतो आणि तिच्यातील नायक स्वतःच्या हाताने रेखाटू लागतो, या कृतीकडे आपल्याकडील कलाविचाराने आजवर फारशा ममत्वाने पाहिलेले नाही. शाळेत ती वहीच्या मागच्या पानावर चालते, घरी ती अभ्यास टाळण्याची सबब ठरते, आणि कलेविषयी अधिकारवाणीने बोलणारी मंडळी तिला नक्कल म्हणून एका शब्दात निकालात काढतात. मला मात्र मनापासून असे वाटत आले आहे की, चित्र काढण्याची इच्छा मनुष्याच्या ठायी ज्या अनेक कारणांनी उद्भवते, त्यांत आवडलेल्या चित्राविषयीचे प्रेम हे सर्वांत निर्मळ कारण होय. आणि ज्या हाताने त्या प्रेमापोटी पहिली रेषा ओढली, त्याला वेळीच थोडी शिस्त आणि थोडा धीर मिळाला, तर तो हात नकलेच्या उंबरठ्यावर थांबून राहत नाही. चाहत्यांच्या या चित्रकलेचे पूर्वज कोण, तिचा अभ्यासक्रम कोणता, तिच्या मर्यादा कोठे आणि तिने अखेर पोहोचावे कोठे, हे क्रमाने मांडावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

विवेचनाला एक निश्चित आधार हवा, म्हणून मी वेताळाची चित्रकथा निवडली आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात ‘फँटम’ या नावाने जी चित्रमालिका सुरू केली, ती १९४० च्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’तून भारतीय वाचकांपुढे आली, परंतु मुलांच्या हाती ती खऱ्या अर्थाने पडली ती मार्च १९६४ नंतर, बेनेट, कोलमन आणि कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केल्यावर. मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे अंक निघाले, मराठीत फँटमचा वेताळ झाला, आणि १९९० मध्ये ही मालिका थांबली तोपर्यंत तिचे ८०० हून अधिक अंक प्रसिद्ध झालेले होते. जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर हेही त्या पानांवरून वावरले. तथापि अंकमालिकेचा आरंभ वेताळाने झाला होता, आणि वहीच्या मागच्या पानावर ज्याला मुले पुनःपुन्हा बोलावीत असत तोही मुख्यतः वेताळच.

या कथेचा गाभा असा : १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटले, त्यावरील एकच तरुण जिवंतपणी किनाऱ्याला लागला, आणि आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी आमरण झुंजण्याची शपथ घेतली. पिता निवर्तला की पुत्र तोच वेष अंगावर चढवतो, तीच शपथ उच्चारतो, आणि जंगलाबाहेरच्या जगाला वाटत राहते की हा एकच पुरुष चार शतके जिवंत आहे. आपण ज्याच्या कथा वाचतो तो या मालिकेतील एकविसावा. पिढीजात व्रताची ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटली नाही यात नवल नाही, कारण वतनाबरोबर कर्तव्यही वारसाहक्काने येते ही समजूत आपल्या समाजाच्या दप्तरात फार जुन्या काळापासून नोंदलेली आहे. शिवाय येथल्या संपादकांनीही कथेला भारतीय वाचकाच्या सोयीने थोडे वळवून घेतले होते : मूळ कथेतील देशाचे नाव बंगालशी फार जवळचे असल्याने त्याचे डेंकाली झाले, आणि चाच्यांच्या टोळीचे सिंग हे नाव बदलून सिंगा करण्यात आले.

चित्रकाराच्या दृष्टीने पाहिले तर वेताळाचे रूप मोजक्या पण अविस्मरणीय खुणांनी घडलेले आहे. अंगासरशी बसलेला वेष, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, कमरेला कवटीचे चिन्ह असलेला पट्टा, दोन्ही हातांत दोन वेगळ्या अंगठ्या, उजव्या हातातली दुष्टांच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवणारी आणि डाव्या हातातली अभयाची खूण देणारी, आणि या सर्वांहून विलक्षण म्हणजे मुखवट्याआडचे बुबुळे नसलेले डोळे. ग्रीक अर्धपुतळ्यांच्या रित्या डोळ्यांवरून ही कल्पना आपल्याला सुचली, असे फॉक यांनी सांगून ठेवले आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही या खुणा साधतात आणि दोन-चार रेषांतच ओळख पटते. पण तेवढ्यावर समाधान न मानणाऱ्याला पांढरा घोडा, पायाशी उभा असलेला लांडगा, दाट अरण्य आणि कवटीच्या आकाराची गुहा यांची आव्हाने पुढे वाढून ठेवलेलीच असतात. सोप्यापासून दुर्घटापर्यंत चढत जाणारा इतका सुसंगत अभ्यासक्रम एखाद्या शिक्षकाने मुद्दाम आखला असता तरी याहून फारसा निराळा झाला नसता.

आणि या अभ्यासक्रमाला शिक्षकही एकाहून अधिक लाभले. आरंभीचे चित्रकार रे मूर यांची रेषा छायेत बुडालेली, गूढ. त्यांच्यामागून आलेले विल्सन मकॉय यांची रेषा सरळ, सपाट आणि निःसंदिग्ध. आणि १९६१ पासून १९९४ पर्यंत ज्यांनी हा नायक रेखाटला त्या साय बॅरी यांची रेषा स्नायूंचा पीळ, वस्त्राची चुणी आणि झाडाच्या सालीचा खरखरीतपणा एकाच कुंचल्याने दाखवणारी. इंद्रजालच्या पहिल्या अंकातील कथा मकॉय यांच्या चित्रांची होती. पुढे बॅरी यांची चित्रे येत गेली. आणि मुखपृष्ठावर बी. गोविंद यांनी रंगवलेली, आतल्या रेषाचित्रांहून सर्वस्वी भिन्न प्रकृतीची चित्रे असत. एकाच नायकाचे इतके भिन्न अवतार डोळ्यांपुढून जात असल्यामुळे चाहत्याच्या मनात नकळत एक मूल्यवान जाण रुजत असे : चित्रातला मनुष्य कथेचा असतो, पण रेषा ही चित्रकाराची असते. चित्राच्या कोपऱ्यातील सही न वाचताही हा अंक कोणाच्या हातचा हे जो मुलगा ओळखू लागला, त्याने कलासमीक्षेची पहिली पायरी ओलांडली असे मी मानतो.

या विषयाचा विचार मी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसराच्या संदर्भात करीत आहे, त्यालाही कारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास आली, पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला, आणि तेव्हापासून या गावांचे सारे जीवन रुळांच्या दोहों बाजूंस वसत गेले. मुंबईतल्या कचेऱ्यांत, पेढ्यांत आणि गिरण्यांत नोकरी करणारा गृहस्थ संध्याकाळी परतताना स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून वर्तमानपत्राबरोबर मुलांसाठी एखादा अंक घेई. मे महिन्याच्या सुट्टीत वाड्यांच्या आणि चाळींच्या कोपऱ्यांवर अंक भाड्याने देणारी दुकाने मांडली जात. आणि एकाच अंकाची सहा-सात घरांतून फेरी होऊन तो मालकाकडे परत येई तेव्हा त्याचे मुखपृष्ठ पुष्कळदा सुटे झालेले असे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे; डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीसारखी खासगी ग्रंथालये वाढली; अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यास २०१० मध्ये आणि डोंबिवलीस २०१७ मध्ये भरले. वाचनाची एवढी सवय ज्या वस्तीला आहे, तेथे वाचलेल्या गोष्टीतून चित्र निपजावे हा स्वाभाविक परिणाम होय. मात्र वाचनाचा जेवढा गौरव या वस्तीने केला, तेवढा त्यातून निपजलेल्या चित्राचा केला नाही, ही माझी खंत आहे.

नकलेचा आक्षेप येथेच घेतला जातो, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. ज्यांना नक्कल हा शब्द तुच्छतेने उच्चारावासा वाटतो, त्यांनी अजिंठ्याकडे पाहावे. रॉबर्ट गिल १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करू लागला, आणि १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने हाती घेतले. गिलच्या बहुसंख्य प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या आगीत नष्ट झाल्या, ग्रिफिथ्सच्या अनेक प्रतिकृतींवर १८८५ मध्ये तशीच आपत्ती कोसळली. परंतु लेण्यांच्या अंधारात वर्षानुवर्षे बसून ज्या विद्यार्थ्यांनी त्या प्रतिकृती केल्या, त्यांच्या हातात उतरलेली विद्या कोणत्याही आगीत जळणारी नव्हती. आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक मोठा प्रवाह या नकलेतून बळ घेऊन पुढे गेला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दुसरा दाखला याहून घरचा आहे. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी परंपरा जपून आहेत : रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर काढून त्यांची पोथी बांधायची आणि एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून कथा गायची, असा तो शिरस्ता. जुन्या चित्रांवरून नवी चित्रे काढूनच ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे गेली, आणि या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने तिचा सन्मान केला. चित्रांच्या चौकटींतून कथा सांगण्याची रीत परदेशातून आली असे समजणाऱ्याने पिंगुळीची एक पोथी डोळ्यांखालून घालावी. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? दिवाळीत ठाण्या-डोंबिवलीच्या इमारतींच्या आवारांत मुले दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर महाराजांना सिंहासनावर बसवतात, बुरुजांवर मावळे उभे करतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या वाटेवर रांगोळीकार आपल्या आराध्य पुरुषांच्या प्रतिमा रस्त्यावर साकारतात. ज्या कथेवर आपली भक्ती आहे तिला आपल्या हाताने पुन्हा रूप देणे, हाच या सर्वांचा आशय आहे. किल्ला रचणाऱ्या मुलाची पाठ थोपटणाऱ्या हाताने वेताळ काढणाऱ्या मुलाची वही हिसकावून घेऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

तरीदेखील नुसत्या मायेने चित्र सुधारत नाही. त्यासाठी क्रम लागतो. माझ्या मते या अभ्यासाच्या तीन पायऱ्या आहेत आणि पहिली अस्सलबरहुकूम नकलेची. अक्षर सुधारण्यासाठी जसा कित्ता गिरवावा लागतो, तशी निवडलेल्या एकाच चौकटीची नक्कल शक्य तितक्या काटेकोरपणे करावी. पारदर्शक कागद वर ठेवून गिरवलेल्या चित्रातून रेषेचे वळण कळते, पण प्रमाण कळत नाही, कारण त्या कामात डोळ्याला मोजमाप करावे लागत नाही. म्हणून मूळ चित्रावर पेन्सिलीने हलक्या समांतर रेघांचे चौकोन आखून, त्याच संख्येचे मोठे चौकोन आपल्या कागदावर आखून, एकेका चौकोनातील रेषा उतरवण्याची जुनी रीत मला अधिक हितावह वाटते. असे करताना विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की बॅरी यांच्या चित्रात दंडाची वरची कड बारीक आणि खालची जाड आहे, कारण उजेड वरून पडला आहे. की अरण्याची पाने पुढच्या बाजूला सबंध काळी भरून चित्रकाराने नायकाभोवती एक महिरप रचली आहे. की काळा रंग ही शून्य जागा नसून नजरेला वाट दाखवणारी सर्वांत समर्थ गोष्ट आहे. मग पेन्सिल बाजूला ठेवून शाईचा टाक किंवा बारीक कुंचला हाती घ्यावा. खोडता न येणारी रेषा ओढण्यापूर्वी हात क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात निर्णय करण्याची सवय लागते, आणि रेखाचित्राचे अर्धे यश त्या सवयीत आहे.

दुसरी पायरी स्मरणाची. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला स्मरणचित्र हा विषय ठाऊक आहे. बाजार, बसथांबा, विहीर असे प्रसंग त्यात समोर नमुना नसताना काढावे लागतात. हीच कसोटी वेताळाला लावावी. अंक मिटून ठेवावा आणि कोणत्याही चौकटीत न आढळलेल्या अवस्थेत तो काढून पाहावा : पाठमोरा जिना चढताना, पावसात झाडाखाली टेकलेला, घोड्याच्या नालेत अडकलेला खडा वाकून काढताना. असे करू जाता पहिल्या प्रयत्नातच समजते की आपल्याला त्याचा वेष पाठ आहे पण त्या वेषाखालचे शरीर ठाऊक नाही. मग सामान्य माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट आणि चित्रकथेतील वीराची आठ पट किंवा त्याहून थोडी अधिक धरतात, हा हिशेब शिकावा लागतो. खांदा वर गेला की कंबर कोणत्या बाजूला झुकते हे स्थानकाच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून ताडावे लागते. आणि घोड्याच्या मागच्या पायाचा सांधा नेमका कोठे दुमडतो याचा छडा लावण्यासाठी खरा घोडा पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अंकातील चित्राविषयीचे प्रेम विद्यार्थ्याला अंकाबाहेरच्या जिवंत सृष्टीकडे घेऊन जाते, हे या पायरीचे खरे फळ होय.

तिसरी पायरी मला सर्वांत प्रिय आहे, आणि ती ठाणे-कल्याणच्या चाहत्याला जितकी साधेल तितकी अन्य कोणाला साधेल असे वाटत नाही. वेताळाचे अरण्य अमेरिकन चित्रकारांनी कल्पनेने रंगवले. येऊरचे अरण्य मात्र आपल्या गावाच्या कडेला, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, बिबट्यांसह साक्षात उभे आहे. पावसाळ्यात तेथील कौशीच्या खोडांवर चढणाऱ्या वेलींचे जाळे ज्याने डोळे भरून पाहिले आणि वहीत टिपले, त्याचा वेताळ निराळ्याच हिरव्या अंधारातून बाहेर येईल. कवटीच्या गुहेसाठी त्याने १९१६ मध्ये खुल्या झालेल्या पारसिकच्या बोगद्याचे तोंड अभ्यासावे, नाहीतर मलंगगडाचे सुळके ढगांत अर्धवट लपलेले असताना पाहावेत. गुहेच्या आतल्या दगडी दालनांना अंबरनाथच्या शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या, शिवमंदिराइतका समृद्ध आधार दुसरा कोणता मिळणार? तेथील पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जाताना उजेड कसा पायरीपायरीने मावळत जातो, हे पाहिलेल्या हाताला छायेचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. आणि सिंगा चाच्यांची जहाजे काढायची असतील, तर शिवकालीन आरमाराच्या उभारणीशी ज्याचे नाव निगडित आहे त्या दुर्गाडी किल्ल्याखाली, खाडीच्या भरतीच्या वेळी, तासभर बसून पाण्यावरच्या होड्यांचा कल न्याहाळावा. चाहत्याने मूळ कथेकडून पात्र घेतले असेल तर त्याच्या बदल्यात त्या कथेला आपला प्रदेश द्यावा. प्रेमाच्या देवघेवीचा हा न्याय मला योग्य वाटतो.

याच पायरीवर चाहत्याला आणखी एक अधिकार प्राप्त होतो, तो मूळ कथेतील उणिवा भरून काढण्याचा. ज्या काळात ही चित्रकथा जन्मली त्या काळाच्या वासाहतिक समजुती तिच्यात मुरलेल्या आहेत : गोरा पुरुष अरण्याचा रक्षक, आणि तेथील मूळ रहिवासी बहुधा त्याचे आज्ञाधारक सहायक. आपल्या प्रेमाच्या वस्तूतील हा दोष डोळ्यांआड करणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. ज्या ठाणे जिल्ह्याचा पूर्वी भाग असलेल्या मुलखात जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या वारली कलावंताने आपल्या लोकांचे अरण्य आपल्याच रेषेने जगाला दाखवले, त्या जिल्ह्यातील चाहत्याने अरण्यवासी माणसे कथेच्या मध्यभागी आणून पाहावीत, त्यांच्या चेहऱ्यांना व्यक्तित्व द्यावे. मुलींनीही हे ध्यानात घ्यावे की सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली हिने भावाच्या जागी तो वेष चढवला होता, अशी कथा फॉक यांनीच लिहिलेली आहे. वेताळाचा मुखवटा केवळ पुरुषांच्या मक्त्याचा नाही, याला मूळ दप्तरातच पुरावा आहे. ज्याला कथेत आपण कोठेच दिसत नाही, त्याने चित्र काढून आपली जागा करून घ्यावी, हे चाहत्यांच्या चित्रकलेचे सर्वांत गंभीर प्रयोजन होय.

नकलेपासून स्वतंत्र निर्मितीपर्यंतचा रस्ता मराठी हातांना अपरिचित नाही. इंद्रजाल कॉमिक्सच्या आरंभकाळात टाइम्सच्या संस्थेत असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसकडून ‘अमर चित्रकथा’ सुरू केली, आणि तिच्या चित्रकारांत राम वाईरकर, प्रताप मुळीक आणि दिलीप कदम ही मराठी नावे अग्रभागी आली. वाईरकरांनी कृष्ण रेखाटला आणि पुढे ‘टिंकल’मधील सुपंडी, वसंत हळबे यांनी शिकारी शंभू घडवला, मुळीक यांनी १९८६ च्या सुमारास राज कॉमिक्ससाठी नागराजाला प्रथम रूप दिले आणि कदम यांनी भोकाळची अद्भुत सृष्टी उभी केली. परदेशी चित्रकथेच्या चौकटींनी ज्या माध्यमाची येथे गोडी लावली, त्याच माध्यमात आपल्या देवतांना, आपल्या इतिहासाला आणि आपल्या अद्भुत कल्पनांना वावरण्याजोगी जागा या मंडळींनी निर्माण केली. आजचा चाहता या वंशाचा वारस आहे, आणि वारसाने पूर्वजांची कामे नुसती जतन करून भागत नाही. त्यांत भर घालावी लागते.

या मार्गावरच्या कायदेशीर बाबींचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कलाकृतीवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अबाधित राहतो. मात्र खासगी उपयोग आणि अभ्यास यांसाठी उचित वापराची मुभा त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिलेली आहे. वहीत काढलेला, घराच्या भिंतीवर लावलेला किंवा मित्राला वाढदिवसाला दिलेला वेताळ आणि छापून विकायला मांडलेला वेताळ यांत म्हणूनच भेद आहे, आणि दुसऱ्या प्रकारासाठी हक्कदाराची परवानगी घेतली पाहिजे. पण कायद्याहूनही सभ्यतेची मागणी मोठी आहे : आपल्या चित्राखाली मूळ कथाकाराचे आणि मूळ चित्रकाराचे नाव लिहावे. ज्याच्यामुळे आपल्याला चित्र काढावेसे वाटले त्याचे ऋण लेखी कबूल केल्याने आपल्या चित्राचे मोल तसूभरही घटत नाही.

आजची मुले वेताळाऐवजी जपानी चित्रकथांतील नायक काढतात, कागदाऐवजी काचेच्या पाटीवर काढतात, आणि रंगाची वाटी न सांडता रंगवतात. याची चिंता करण्याचे मला काही कारण दिसत नाही. मासाशी किशिमोतो यांचा नारुतो किंवा एइइचिरो ओदा यांची ‘वन पीस’मधील समुद्रचाच्यांची दुनिया आज डोंबिवलीतल्या मुलांना तितकीच जवळची आहे, जितकी मागच्या पिढीला कवटीची गुहा होती. खुद्द जपानमध्ये चाहत्यांनी स्वतः काढून छापलेल्या चित्रकथांचा कॉमिकेट हा मेळा डिसेंबर १९७५ पासून भरतो, आणि तेथील कित्येक व्यवसायी चित्रकार आधी असे चाहतेच होते. साधन बदलले तरी डोळ्याचे शिक्षण बदलत नाही : प्रमाण, भार, उजेड आणि हालचाल या चार गोष्टी टाकाने शिकाव्या लागतात तशाच काचेवरच्या लेखणीनेही शिकाव्या लागतात. चूक एका क्षणात पुसता येते म्हणून तिचा विचारच न करण्याची सवय मात्र नव्या साधनाने लागू शकते. त्यासाठी आठवड्यातून काही वेळ शाईने, न खोडता येणाऱ्या रेषेने, चित्र काढण्याचा नेम प्रत्येकाने ठेवावा.

पुढील प्रकरणांत साहित्य, रेषा, शरीररचना, वेषभूषा, अरण्य, प्राणी आणि रंग यांचा क्रमवार विचार केला आहे. वाचकाने कोणतेही प्रकरण आधी उघडावे, परंतु एकाही प्रकरणाचे वाचन हातात पेन्सिल नसताना करू नये. पालकांना माझी विनंती अशी की, मुलाने काढलेला वेताळ पाहून त्यांनी तो मुळाबरहुकूम आहे की नाही हे विचारू नये. या चित्रात तू स्वतः काय घातलेस, असे विचारावे. पहिल्या काही चित्रांच्या वेळी मुलाजवळ या प्रश्नाला उत्तर नसेल आणि ते असण्याची गरजही नाही. परंतु हा प्रश्न ज्या घरात आस्थेने विचारला जातो, त्या घरातले मूल आज ना उद्या त्याचे उत्तर रेषेने देते. आणि ज्या दिवशी ते देते त्या दिवसापासून ते केवळ चाहते राहत नाही, चित्रकार होते.